पुतळा उतरवा, सिनेमा लावा

ऑरेंज काउंटीच्या विमानतळावर हॉलिवूडचा नट जॉन वेन उभा आहे. नऊ फूट उंच, ब्राँझचा, काउबॉयच्या वेशात, पाऊल पुढे टाकलेला. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेचा हा विमानतळ त्याच्याच नावानं ओळखला जातो. शेजारच्या आयर्व्हाइनमध्ये नोकरीधंद्यानिमित्त राहणारी मराठी मंडळीही इथूनच ये-जा करतात, आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या लेखी ते तिकिटावर छापलेलं एक नाव असतं, एवढंच.

वेन 11 जून 1979 रोजी पोटाच्या कॅन्सरनं गेला. अखेरची वर्षं तो जवळच्याच न्यूपोर्ट बीचला राहत होता. त्याच वर्षी काउंटीनं विमानतळाला त्याचं नाव दिलं आणि 1982 मध्ये पुतळा बसवला. पुढे 2019 च्या फेब्रुवारीत त्याची 1971 सालची एक मुलाखत समाजमाध्यमांवर पुन्हा फिरू लागली. 2020 च्या जूनमध्ये, जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाच्या पोलिसाकडून झालेल्या खुनानंतर अमेरिकेत ठिकठिकाणचे पुतळे उतरवले जात असताना, ऑरेंज काउंटीच्या डेमोक्रॅटिक पक्षानं ठराव केला की हे नाव काढा आणि पुतळाही हलवा. काउंटीनं तो ठराव मनावर घेतला नाही. नाव आजही तिथेच आहे.

माझ्या मते ते जायला हवं. पुतळ्याची जागा संग्रहालयात आहे. आणि त्याच दमात मी असंही म्हणेन की, वेनचा 1956 सालचा ‘द सर्चर्स’ हा वेस्टर्न जितक्या लोकांना दाखवता येईल तितक्यांना दाखवावा. ज्यांना वेनचं नाव ऐकूनच तिटकारा येतो त्यांना तर आवर्जून. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध वाटतील. मला त्या एकाच कारणातून निघालेल्या दिसतात.

आधी मुलाखतीचं बघू. ‘प्लेबॉय’ मासिकाच्या मे 1971 च्या अंकात ती छापून आली. काळे लोक जबाबदारी पेलण्याइतके शिकेपर्यंत आपला गोऱ्यांच्या वर्चस्वावर विश्वास आहे, असं वेन त्यात म्हणतो. पाच-दहा पिढ्यांपूर्वी हे लोक गुलाम होते याबद्दल आपल्याला अपराधी वाटत नाही, असंही म्हणतो. मूळ रहिवाशांबद्दल तर त्याचं म्हणणं असं की त्यांच्याकडून हा देश घेतला यात काही चुकलं नाही. पुष्कळ माणसांना नव्या जमिनीची गरज होती आणि हे मूळ रहिवासी स्वार्थीपणानं ती स्वतःकडेच ठेवू पाहत होते. पन्नाशीच्या दशकात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून ज्यांची कामं बंद झाली, त्यांतल्या कार्ल फोरमन या पटकथालेखकाला देशाबाहेर घालवण्यात आपला हात होता याचा पश्चात्ताप नाही, हेही तो त्याच मुलाखतीत सांगतो.

यावर नेहमीचं उत्तर असतं, ‘काळच तसा होता.’ काळ तसा नव्हता. 1964 चा नागरी हक्क कायदा झाला होता, 1965 चा मतदान हक्क कायदा झाला होता, मार्टिन ल्यूथर किंग यांना मारून तीन वर्षं उलटली होती. तो अंक दुकानांत होता तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोसमोरच्या अल्कट्राझ बेटावर मूळ रहिवाशांच्या तरुण कार्यकर्त्यांनी दीड वर्ष ठिय्या दिलेला होता आणि त्यांची मागणी जमिनीचीच होती. म्हणजे प्रश्न वेनच्या दारात येऊन उभा होता. त्यानं तो ऐकला आणि उत्तर दिलं. ते उत्तर अनवधानानं निसटलेलं वाक्य नव्हतं. अनेक प्रश्नांवर सविस्तर दिलेली, एकमेकांशी जुळणारी मतं होती ती.

त्याच्या मुलानं 2020 मध्ये बापाची बाजू मांडली. संदर्भ सोडून वापरल्या जाणाऱ्या एका मुलाखतीवरून माणसाचा निवाडा करणं अन्यायाचं आहे, असं तो म्हणाला. मुलगा म्हणून त्यानं हे म्हणणं मी समजू शकतो. पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या मुलाचं नाव ईथन. ‘द सर्चर्स’मधल्या आपल्या पात्रावरून वेननं ते ठेवलं. इतकं ते पात्र त्याला प्रिय होतं. आणि पडद्यावरचा हा ईथन एडवर्ड्स कोण आहे? वंशद्वेषानं आतून जळत गेलेला माणूस.

चित्रपट सुरू होतो तेव्हा पडद्यावर अक्षरं येतात, टेक्सस, 1868. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपून तीन वर्षं झाली आहेत आणि गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडून लढलेला ईथन आत्ता कुठे भावाच्या घरी परत येतो. मधली वर्षं कुठे होता ते सांगत नाही. खिशात नव्या कोऱ्या नाण्यांच्या पिशव्या आहेत, त्या कुठून आल्या तेही सांगत नाही. घरात भाऊ आरन, वहिनी मार्था, त्यांची तीन मुलं, आणि मार्टिन नावाचा सांभाळलेला तरुण. मार्टिनच्या आईबापांची कत्तल झाली तेव्हा तान्हं पोर म्हणून त्याला उचलून आणलं ते ईथननंच. पण मार्टिनच्या अंगात आठवा हिस्सा चेरोकी या मूळ रहिवासी जमातीचं रक्त आहे. जेवणाच्या टेबलावर तेवढ्यावरून ईथन त्याला टोचतो.

दुसऱ्या दिवशी गुरं पळवल्याची हूल देऊन कोमांची या मूळ रहिवासी जमातीचे योद्धे ईथन, मार्टिन आणि वस्तीतल्या पुरुषांना लांब नेतात आणि मागे घर जाळतात. आरन, मार्था आणि मुलगा मारले जातात. थोरली ल्यूसी आणि धाकटी डेबी यांना पळवून नेलं जातं. ल्यूसीचं प्रेत ईथनला वाटेत सापडतं. ते तो स्वतःच्या कोटात गुंडाळून पुरतो आणि सोबतच्या पोरांना बराच वेळ कळूही देत नाही. मग उरते डेबी. तिच्या शोधात ईथन आणि मार्टिन वर्षानुवर्षं भटकतात, उन्हातून, बर्फातून. आणि हळूहळू मार्टिनच्या आणि आपल्याही ध्यानात येतं की काका पुतणीला सोडवायला निघालेला नाही. कोमांचींमध्ये वाढून ती ‘त्यांची’ झाली असेल तर तो तिला गोळी घालणार आहे.

हे 1956 साली, वेनच्या तोंडून. एकोणीसशे तीसच्या दशकापासून ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा असतो अशा नायकाच्या तोंडून. दिग्दर्शक जॉन फोर्ड वेनला स्टुडिओत सामानसुमान हलवणारा पोरगा असल्यापासून ओळखत होता. 1939 साली त्यानंच वेनला तारा केलं. या माणसाच्या चालण्यात, लांब हातांत, तुटक बोलण्यात प्रेक्षकाला काय दिसतं, हे फोर्डइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि तेच सगळं त्यानं इथे उलटं वापरलं.

दोन प्रसंग सांगतो. पाठलाग करताना टोळीला एका कोमांची योद्ध्याचं पुरलेलं प्रेत सापडतं. एक जण रागानं त्याच्यावर दगड घालतो. ईथन म्हणतो, काम पुरं कर की. मग पिस्तूल काढतो आणि प्रेताच्या दोन्ही डोळ्यांत एकेक गोळी घालतो. सोबतचा पाद्री विचारतो, यानं काय साधलं? ईथन सांगतो की तुमच्या धर्माप्रमाणे काहीच नाही. पण या कोमांचीच्या श्रद्धेप्रमाणे डोळे नसले तर आत्म्याच्या देशात जाता येत नाही, वाऱ्यांच्या मध्ये कायमचं भटकत राहावं लागतं. ज्यांचा द्वेष करतो त्यांची श्रद्धा या माणसाला त्यांच्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त माहीत आहे, आणि ते ज्ञान तो मेलेल्या माणसाला छळायला वापरतो. अज्ञानातून द्वेष येतो असं आपण पोरांना शिकवतो. हा प्रसंग त्या शिकवणुकीला उभा छेद देतो.

दुसरा प्रसंग लष्कराच्या ठाण्यातला. कोमांचींकडून सोडवून आणलेल्या गोऱ्या बायका तिथे ठेवल्या आहेत. त्यांतल्या काहींचं भान हरपलेलं आहे. त्यांत डेबी आहे का, ते बघायला दोघं येतात. त्या गोऱ्या आहेत यावर विश्वास बसत नाही, असं ठाण्यातला माणूस म्हणतो तेव्हा ईथन उत्तर देतो, आता त्या गोऱ्या नाहीतच, कोमांची आहेत. आणि निघताना तो मागे वळून बघतो. कॅमेरा झपकन त्याच्या चेहऱ्याकडे सरकतो. फोर्ड कॅमेरा हलवण्याच्या बाबतीत मोठा कंजूष, त्यामुळे हे सरकणं अंगावर येतं. हॅटच्या सावलीतला तो चेहरा मी कितीदा पाहिला तरी त्यात नुसता द्वेष आहे असं म्हणता येत नाही. त्यात भीती आहे, किळस आहे, आणि कुठेतरी खोलवर दुःखही आहे. त्या वर्षीच्या ऑस्करसाठी या चित्रपटाला एकही नामांकन मिळालं नाही. वेनला त्याचं एकमेव ऑस्कर 1970 साली मिळालं, एका डोळ्याला पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्या मार्शलच्या गमतीदार भूमिकेसाठी. ‘द सर्चर्स’मधला त्याचा चेहरा मान्यवरांना दिसायला बराच काळ जावा लागला. 1989 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत निवडलेल्या पहिल्या 25 चित्रपटांत तो आला, आणि ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश चित्रपट मासिकानं 2012 मध्ये घेतलेल्या समीक्षकांच्या कौलात जगातल्या चित्रपटांत सातवा.

हा चित्रपट एका वेड्या माणसाची गोष्ट म्हणून बाजूला सारता येत नाही, याचं कारण लॉरी. मार्टिनची वाट बघून थकलेली शेजारघरची मुलगी, हसरी, बडबडी, प्रेक्षकाला पहिल्या भेटीत आवडणारी. लग्नाच्या पांढऱ्या पोशाखात ती मार्टिनला सांगते की डेबीला आता आणून काय करणार, कोमांचींनी वापरून टाकलेली ती. ईथन तिच्या डोक्यात गोळी घालेल आणि मार्थालाही तेच हवं असतं. डेबीच्या मृत आईच्या तोंडी पोटच्या पोरीचा खून घालणारं हे वाक्य फोर्ड नवरीच्या तोंडी देतो. म्हणजे ईथनच्या मनात जे आहे तेच या सभ्य, चर्चला जाणाऱ्या, पाव-कॉफीनं पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्या वस्तीच्याही मनात आहे. फरक इतकाच की ईथन ते करायला निघाला आहे.

आणि स्कार हा कोमांची सरदारही ईथनसारखाच आहे. समोरासमोर आल्यावर ईथन म्हणतो, तू इंग्रजी बरं बोलतोस, कुणी शिकवलं? थोड्या वेळानं स्कार तेच परत करतो, तू कोमांची बरी बोलतोस, कुणी शिकवली? गोऱ्यांनी आपले दोन मुलगे मारले, म्हणून आपण शत्रूंच्या टाळू, म्हणजे डोक्याची केसांसकट कातडी, सोलत सुटलो, असं तो सांगतो. चित्रपटाच्या सुरुवातीला छोटी डेबी ज्या थडग्याच्या दगडाआड लपते, तो दगड ईथनच्या आईचा आहे आणि तिला कोमांचींनी मारल्याचं त्यावर कोरलेलं आहे. कॅमेरा तिथे क्षणभरच थांबतो. दोन्हीकडे खून आहेत, दोन्हीकडे सूड आहे, आणि सूडाचा हिशेब दोघंही मनात सारखाच ठेवतात. शेवटी स्कारला मारतो मार्टिन. ईथन येऊन मेलेल्या स्कारची टाळू सोलतो. ज्या कृत्यावरून गोरे लोक कोमांचींना रानटी म्हणत, ते कृत्य वेनच्या हातून होतं.

मग कलावंत आणि कलाकृती वेगळी ठेवा, हे जे आपण सहज म्हणून टाकतो, त्याचं इथे काय करायचं? कवीचं खाजगी आयुष्य न कळताही कविता वाचता येते. ‘द सर्चर्स’चं तसं होत नाही. हा चित्रपट वेन या माणसाच्या शरीरातून, त्याच्या कीर्तीतून, प्रेक्षकानं त्याच्यावर टाकलेल्या विश्वासातून घडला आहे. ईथनच्या जागी कुणी अनोळखी, क्रूर दिसणारा नट असता तर आपण पहिल्या पाच मिनिटांत त्याला खलनायक ठरवून निश्चिंत झालो असतो. वेन आहे म्हणून आपण त्याच्या बाजूनं घोड्यावर बसतो, आणि मग कुठे चाललो आहोत ते कळतं. ज्याँ-ल्यूक गोदार हा फ्रेंच दिग्दर्शक कट्टर डावा. वेनच्या राजकारणाचा आपण द्वेष करतो, आणि तरी शेवटी तो डेबी झालेल्या नाताली वुडला हातांवर उचलून घेतो तेव्हा त्याच्यावर माया कशी जडते, असा प्रश्न त्यानं स्वतःलाच विचारला होता. हा प्रश्न वेनला वजा करून विचारताच येत नाही. वेनचं 1971 चं बोलणं माहीत असलेल्या माणसाला तर तो जास्त टोचतो, आणि तो टोचावा असंच मला वाटतं.

चित्रपटाची वकिली करताना त्याचे दोष झाकायचे नाहीत. मार्टिन नकळत एका कोमांची बाईशी लग्न करून बसतो. ती रात्री त्याच्याशेजारी येऊन आडवी होते, तेव्हा तो लाथ मारून तिला उतारावरून खाली गडगडवतो आणि प्रेक्षकानं हसावं अशी फोर्डची अपेक्षा आहे. पुढे लष्करानं केलेल्या कत्तलीत तिचं प्रेत सापडतं आणि मार्टिन कळवळतो, पण आधीचं हसू त्यानं पुसलं जात नाही. स्कारचं काम करणारा हेन्री ब्रँडन जर्मनीत जन्मलेला गोरा नट. कोमांची म्हणून जी गर्दी दिसते ती नवाहो लोकांची, कारण चित्रीकरण टेक्ससमध्ये झालंच नाही. ते मुख्यतः झालं ॲरिझोना आणि यूटाच्या सीमेवरच्या मॉन्युमेंट व्हॅलीत, नवाहोंच्या भूमीवर. आणि चित्रपट ज्या 1868 सालात सुरू होतो, त्याच वर्षी अमेरिकन सरकारनं हाकलून न्यू मेक्सिकोत डांबलेल्या नवाहोंनी करार करून आपल्या भूमीवर परतण्याचा हक्क मिळवला होता. घरी परतण्याची खरी गोष्ट त्या लाल सुळक्यांखाली प्रत्यक्ष घडलेली होती, आणि ती जगलेल्यांचे नातू-पणतू डोक्याला पिसं लावून दुसऱ्याच जमातीचे शत्रू म्हणून घोडे फेकत होते.

सगळ्यात मोठी लबाडी शेवटाला आहे. ॲलन ले मे यांची 1954 ची कादंबरी या चित्रपटाला आधार. तिच्यामागे सिंथिया ॲन पार्कर हिचं खरं आयुष्य उभं आहे. 1836 साली टेक्ससमधल्या फोर्ट पार्करवर झालेल्या हल्ल्यात साधारण नऊ वर्षांच्या या मुलीला कोमांचींनी पळवून नेलं. चित्रपटातल्या ईथनसारखा तिचा एक काका वर्षानुवर्षं शोधत फिरला. ती मात्र तिकडेच वाढली, पीटा नोकोना या सरदाराशी तिचं लग्न झालं, तिला तीन मुलं झाली. 1860 च्या डिसेंबरात टेक्ससच्या रेंजर्सनी पीस नदीकाठच्या छावणीवर हल्ला करून तिला ‘सोडवलं’. तेव्हा कडेवर लहानगी मुलगी होती. दोन मुलगे मागे राहिले. चोवीस वर्षं कोमांची म्हणून जगलेली ही बाई गोऱ्या नातेवाइकांकडून पुन्हापुन्हा पळून जायचा प्रयत्न करत राहिली. मुलगी आजारानं गेली. काही वर्षांत तीही खंगून गेली. मागे राहिलेल्या मुलांपैकी एक क्वाना पार्कर. 1875 मध्ये शेवटच्या लढाऊ कोमांचींना घेऊन फोर्ट सिल या लष्करी ठाण्यावर शरण येणारा, आणि पुढे आरक्षित भूमीवर आपल्या लोकांचं नेतृत्व करणारा.

चित्रपटातली डेबीही पहिल्या भेटीत मार्टिनला सांगते की हेच माझे लोक, तू जा. शेवटी मात्र ती एका क्षणात यायला तयार होते. का, ते चित्रपट सांगत नाही. ईथन तिच्यामागे घोडा घालतो, तिला गाठतो, मारेल असं वाटतं, आणि पहिल्या दिवशी लहानगीला उचललं होतं तसं हातांवर उंच उचलून म्हणतो, चल, घरी जाऊ. त्या क्षणी माझ्याही घशाशी काहीतरी येतं, हे मान्य आहे. पण सिंथिया ॲनला कुणी विचारलं नव्हतं की घर कुठलं, आणि फोर्डनंही डेबीला विचारलं नाही. आपल्या वाचकाला फाळणीची आठवण इथे झाल्यावाचून राहणार नाही. 1949 चा अपहृत व्यक्ती परत मिळवण्याचा कायदा, आणि त्याखाली सीमेच्या अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे पाठवलेल्या बायका. त्यांतल्या काहींना तोवर मुलं झाली होती आणि जायचं नव्हतं. सुटका करणाऱ्यानं आधी विचारावं, ही गोष्ट दोन्ही देशांना अवघड गेली.

इतके दोष असूनही मी हा चित्रपट दाखवा म्हणतो, कारण त्यावर भांडता येतं. फोर्डनं ईथनला घराबाहेर ठेवलं आहे. डेबीला घेऊन सगळे आत जातात, हा दारात थांबतो, डाव्या हातानं उजवा कोपर धरतो आणि वळून निघून जातो. फोर्डचा जुना नट हॅरी कॅरी असाच उभा राहायचा. तो 1947 मध्ये गेला होता, आणि त्याची बायको ऑलिव्ह त्या क्षणी समोरच, घरात शिरणाऱ्यांमध्ये होती. वेननं ही लकब तिच्यासाठी केली. पण प्रेक्षक ही आठवण माहीत नसतानाही समजतो की या माणसाला आत जागा नाही. ज्या वस्तीसाठी त्यानं सगळं केलं तिचं घर त्याच्यावाचून बंद होतं. हे बरोबर की अन्याय? तो माफीला पात्र आहे का? डेबीला न मारणं एवढ्यानं सगळं भरून निघतं का? चित्रपट निकाल देत नाही, पण पुरावा सगळा समोर ठेवतो. वर्गात वीस पोरं बसली तर वीस बाजू निघतात.

पुतळा हे करू शकत नाही. विमानतळावरच्या त्या ब्राँझमध्ये ईथन नाही, प्रेतावर झाडलेल्या गोळ्या नाहीत, ठाण्यातला तो चेहरा नाही. आहे तो फक्त ऐटीत चालणारा, कधीच न चुकलेला काउबॉय. दुसऱ्या महायुद्धात वेन गणवेश घालून लढला ते पडद्यावरच. चार मुलांचा बाप म्हणून त्याला सवलत मिळाली आणि स्टुडिओनं ती टिकवून धरली. फोर्ड मात्र मिडवेच्या लढाईत चित्रीकरण करताना जखमी झाला होता. मुलांसाठी घरी राहिला म्हणून मी वेनला दोष देणार नाही. पण पुतळा या सगळ्या अडचणीच्या गोष्टींना फाटा देऊन उरलेली प्रतिमा देशाचं प्रतीक म्हणून उभी करतो. चित्रपट त्याच प्रतिमेच्या आत शिरून तिची किंमत कुणी मोजली ते दाखवतो. म्हणून मला पुतळा खोटा वाटतो आणि चित्रपट, त्याच्या लबाड शेवटासकट, जास्त खरा.

सार्वजनिक नाव हा सन्मान असतो, आणि सन्मान वर्तमानकाळात चालू असतो. रोज उद्घोषणेत ते नाव घेतलं जातं, सामानाच्या चिठ्ठ्यांवर छापलं जातं, काउंटीच्या पैशातून त्या पुतळ्याची निगा राखली जाते. विमानतळाचं नाव किती जिव्हाळ्याचा विषय होऊ शकतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटलांचं नाव मिळावं म्हणून 2021 मध्ये भूमिपुत्रांनी मानवी साखळी केली ती उगीच नाही. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना आपल्या माणसाचं नाव तिथे हवं होतं. ऑरेंज काउंटीत 1979 साली बहुसंख्य गोरे होते. 2020 च्या जनगणनेत लॅटिनो आणि आशियाई वंशाचे रहिवासी मिळून निम्म्याहून जास्त आहेत. आपल्या दारातल्या नावाबद्दल त्यांना विचारलं जावं, ही अपेक्षा अवास्तव नाही. त्यांनी वेनचंच नाव ठेवायचं ठरवलं तर मला वाईट वाटेल, पण तो निर्णय त्यांचा असेल. 1979 च्या काउंटी मंडळाचा नसेल.

‘हा इतिहास पुसण्याचा प्रकार आहे’ ही हरकत येणारच. वेन शिकला त्या विद्यापीठातच तिचं चांगलं उत्तर मिळालेलं आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या चित्रपट विभागात त्याच्या नावाचं कायमचं प्रदर्शन होतं. 2019 मध्ये विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि जुलै 2020 मध्ये विभागानं प्रदर्शन काढायचं ठरवलं. त्यातल्या वस्तू फेकल्या नाहीत. अभ्यासासाठी ग्रंथालयाच्या संग्रहात ठेवण्याचं जाहीर केलं. दर्शनी भिंतीवरून निघून अभ्यासिकेत गेलेल्या वेनबद्दल आता जास्त नीट बोलता येईल. पुसणं म्हणतात ते याला नव्हे.

माझी तक्रार उलट, पुसणाऱ्या दुसऱ्या गटाबद्दलही आहे. वेनचे चित्रपटच दाखवू नका, अभ्यासक्रमातून काढा, असं म्हणणारी मंडळी वेनच्या चाहत्यांचंच काम करतात. चित्रपट गेला तर मागे उरेल फक्त आख्यायिका, आणि आख्यायिकेला मुलाखतीतल्या चार वाक्यांनी फारसा धक्का बसत नाही. ती वाक्यं वाचून माणूस म्हणतो, होता असा एक वाईट म्हातारा. ‘द सर्चर्स’ बघून त्याला स्वतःलाच उत्तर द्यावं लागतं की दोन तास आपण या माणसाच्या बाजूनं का होतो.

दाखवायचाच तर कसा, यावर मात्र माझा आग्रह आहे. सिंथिया ॲन आणि क्वाना यांची गोष्ट आधी सांगून दाखवा. ओक्लाहोमात आज कोमांची राष्ट्राचं स्वतःचं सरकार आहे, भाषा टिकवण्याचं काम चालू आहे. त्यांच्यातल्या कुणाला बोलवा आणि त्यांना पहिलं बोलू द्या. 2022 मध्ये कोमांची नायिकेचा एक हॉलिवूडपट संपूर्ण कोमांची ध्वनिपट्टीसह आला. ‘द सर्चर्स’च्या पडद्यावर कोमांची म्हणून वावरणाऱ्या गर्दीत ज्यांना स्वतःचा आवाज नव्हता, त्यांच्या वंशजांना आपल्या भाषेत नायिका ऐकायला 66 वर्षं लागली. हे दोन चित्रपट एका आठवड्यात लागोपाठ दाखवले तर चर्चेला वेगळा विषय शोधावा लागणार नाही.

मॉन्युमेंट व्हॅलीत फोर्डच्या नावाचा एक कडा आहे. तो भाग नवाहो राष्ट्राच्या ताब्यात आहे, प्रवेशाचं शुल्क तेच घेतात, आणि कड्याचं नाव त्यांनी तसंच ठेवलं आहे. फोर्डनं त्यांना मंदीच्या काळात काम दिलं, पुन्हा पुन्हा येऊन दिलं. त्याच्या चित्रपटांनी त्यांना शत्रू म्हणूनही दाखवलं. हा जमाखर्च त्यांनी स्वतः मांडला आणि स्वतः ठरवलं. ऑरेंज काउंटीच्या लोकांनाही तसंच ठरवू द्यावं, आणि मतदानाच्या आधीच्या आठवड्यात काउंटीच्या प्रत्येक ग्रंथालयात ‘द सर्चर्स’ फुकट लावावा.